संघाला पंधरावे लागले

एखाद्या गावाचे आरोग्य तिथे किती डॉक्टर आहेत यावर ठरत नाही. त्या डॉक्टरांना जेवायला कोण बोलावते यावर ठरते. या कसोटीवर टेक्सासच्या दक्षिण टोकाची लोमा सेका काउंटी देशातली सर्वांत निरोगी काउंटी ठरायला हरकत नव्हती. तिथल्या हिस्पॅनिक डॉक्टरांना वर्षाच्या बावन्नही रविवारी जेवणाचे आमंत्रण असे, आणि बावन्नही रविवारी त्यांचे जेवण गार होत असे. पहिला घास तोंडापर्यंत पोचायच्या आत शेजारच्या खुर्चीवरची व्यक्ती बाही वर करून म्हणे, "डॉक्टर, तुम्ही जेवा निवांत. फक्त एवढं बघा."

लोमा सेका काउंटी हिस्पॅनिक डॉक्टर संघाची स्थापनाही अशाच एका गार जेवणातून झाली. पंधरा वर्षांपूर्वी दोन्या (म्हणजे बाईसाहेब) एदुविखेस साल्दिवार यांच्या घरी एका बाळाच्या बाप्तिस्म्याचे जेवण होते. गावातले सहा डॉक्टर योगायोगाने एकाच वेळी हजर होते. दोन्या एदुविखेस यांनी ही संधी ओळखली. त्यांनी सहाही जणांना स्वयंपाकघरात नेले, भिंतीला लावून बसवले आणि दारात नातेवाइकांची रांग लावली. गुडघे डावीकडे, पोट मधे, त्वचा खिडकीपाशी (उजेड लागतो). पावणेतीन तासांत बेचाळीस नातेवाईक हातावेगळे झाले. शेवटी एक थकलेला डॉक्टर म्हणाला, की असेच चालायचे असेल तर निदान संघटना तरी करू. ठराव एकमताने संमत झाला. त्याला अनुमोदन दोन्या एदुविखेस यांनी दिले. त्या डॉक्टर नव्हत्या; पण स्वयंपाकघर त्यांचे होते.

त्यांचा मुलगा फेर्मिन हा मूत्रपिंडांचा डॉक्टर. त्या दिवशी कोणाला काय सांगितले हे तो कागदी रुमालांवर लिहून ठेवत होता, म्हणून त्याला संघाचा चिटणीस करण्यात आले. तो अजून चिटणीसच आहे. अध्यक्ष दरवर्षी बदलतो. सदस्य अठ्ठावीस आहेत आणि उपाध्यक्ष सात. संघाच्या नावात 'हिस्पॅनिक' असावे की 'लॅटिनो' यावर विचार करायला नेमलेल्या उपसमितीच्या आजवर चौदा बैठका झाल्या असून, पंधराव्या बैठकीत काय खायचे याविषयी पूर्ण एकमत आहे.

संघाचे कार्य किती व्यापक आहे हे फेर्मिनने तयार केलेल्या वार्षिक अहवालावरून दिसते. गेल्या वर्षात सदस्यांनी ४,११८ अनौपचारिक सल्ले दिले. त्यांतले १,६४० लग्नांत आणि वाढदिवसांत, ९०२ चर्चच्या पायऱ्यांवर, ७३१ किराणा दुकानात टोमॅटोंच्या ढिगापाशी, ४८८ अंत्यविधींत (पैकी दोन शवपेटीकडे बोट दाखवून, "याचंही असंच सुरू झालं होतं का?") आणि ३५६ लाल दिव्यापाशी, शेजारच्या गाडीतून. उरलेला एक सल्ला हाडांचे डॉक्टर एलेउतेरियो बोकानेग्रा यांनी स्वतःच्या दुसऱ्या लग्नात, वेदीपुढे उभे असताना, लग्न लावणाऱ्या फादर आन्सेल्मो यांना त्यांच्या खांद्याविषयी दिला. तो लग्नात धरायचा की चर्चमध्ये, हे न ठरल्याने वेगळा दाखवला आहे.

त्याच वर्षात संघाच्या बुधवारच्या मोफत दवाखान्यात एकसष्ट जण आले.

हा दवाखाना जुन्या अग्निशमन केंद्राच्या पुढच्या खोलीत भरे. खोली काउंटीची. आत दोन टेबले, सहा खुर्च्या आणि भिंतीवर मूत्रपिंडाचे एक रंगीत चित्र होते. लोकांना ते चवळीच्या दाण्याचे वाटे. दवाखाना चालवायचा आग्रह फेर्मिनचा होता. लाल दिव्यापाशी सांगितलेले दिवा हिरवा झाला की विसरले जाते, असे त्याचे मत होते. गावाचे मत वेगळे होते, आणि ते त्याच्या आईनेच थोडक्यात मांडले होते. "दवाखान्यात गेलं की ते काहीतरी शोधून काढतात, मिहो, बाळा. घरी निदान आपण दाखवू तेवढंच बघतात."

दोन्या एदुविखेस इतरांचे सर्व काही दाखवत. चुलत बहिणीचा गुडघा, शेजारणीची पाठ, टपाल आणणाऱ्या गृहस्थाचा अंगठा. स्वतःचे त्यांनी पंधरा वर्षांत काही दाखवले नव्हते. त्यांना काही होतच नसे. यंदा मात्र त्यांचे बूट आटले. निदान त्या तसे सांगत. आधी बुटांच्या नाड्या सैल झाल्या, मग नाड्या गेल्या, मग त्या घरात सपाता घालून फिरू लागल्या आणि त्यावर घोट्यापर्यंत येणारे परकर नेसू लागल्या. मूत्रपिंडांच्या डॉक्टरला बूट आटण्याची कारणे शिकवलेली असतात. फेर्मिनने दोनदा विचारले. पहिल्यांदा त्याला सूप मिळाले आणि दुसऱ्यांदा निळ्या डबीतला बाम. दवाखान्याच्या टेबलाच्या खणात त्याने आईच्या नावाचा एक अर्ज भरून ठेवला होता. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळे होते. फक्त दिनांक आणि रक्तदाब एवढ्या दोन जागा अकरा वर्षे रिकाम्या होत्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काउंटीचे पत्र आले. त्याखाली जागा-वापर विभागाच्या निरीक्षक मिस डोरीन हॅल्वर्सन यांची सही होती. पत्राचा आशय असा, की जागा वापरणाऱ्या संस्थेने वर्षात किमान शंभर रहिवाशांचा रक्तदाब नमुना ना-१७ नुसार नोंदवायला हवा. आपल्या संस्थेने नऊ नोंदवले आहेत. महिनाअखेर आकडा पूर्ण न झाल्यास खोली काढून घेऊन तिथे काउंटीच्या नाताळच्या सजावटीचे सामान ठेवण्यात येईल. सामानाची यादी सोबत जोडली होती (रेनडिअर, प्रकाशमान, नग आठ).

एकसष्ट जण आले असताना नऊच कसे, हा प्रश्न योग्य आहे. नमुना ना-१७ मधले कलम चार त्याचे उत्तर देते. 'रक्तदाब मोजण्यापूर्वी व्यक्ती पाठीला आधार देऊन, दोन्ही पावले जमिनीला टेकवून, पायावर पाय न घेता, पाच मिनिटे न बोलता बसलेली असावी.' कलम वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष आहे. संघाचाही त्याला पाठिंबाच होता. पाठीची, पावलांची अडचण नव्हती. पण लोमा सेकात पाच मिनिटे न बोलता बसणे हे एखाद्या आजाराचे लक्षण समजले जाई, आणि मग त्या आजाराविषयी बोलणे सुरू होई.

जे नऊ जण पात्र ठरले त्यांतले तीन झोपलेले होते. दोघे नवरा-बायको भांडून आले होते. एकाचा जबडा तारेने बांधलेला होता. एक जण लुथरन, म्हणजे मुळातच अबोल पंथातला होता. आणि दोघे चुकीच्या पत्त्यावर सोफा पोचवायला आले होते. आपण कुठे बसलो आहोत हे त्यांना सहाव्या मिनिटाला कळले.

संघाची तातडीची बैठक नेहमीच्या जागी, म्हणजे दोन्या एदुविखेस यांच्या स्वयंपाकघरात झाली. यंदाच्या अध्यक्ष, त्वचेच्या डॉक्टर ग्रिसेल्दा ओन्तिवेरोस यांनी परिस्थिती गंभीर असल्याचे सांगितले आणि मक्याच्या सालीत वाफवलेल्या तामालांचे पातेले पुढे सरकवले.

"लोकांना गप्प बसवणं आपल्याला जमणार नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात एका बाईंच्या जिभेवरचा फोड बघत होते. जीभ माझ्या चिमटीत होती. तरी त्या बोलत होत्या."

"काय म्हणत होत्या?" बोकानेग्रांनी विचारले.

"तुझ्या लग्नाविषयी काहीतरी."

"कुठल्या?"

"तेच त्या मला विचारत होत्या."

फेर्मिन म्हणाला, "खोली गेली तर सगळं पुन्हा टोमॅटोंपाशी येईल. टोमॅटोंपाशी रक्तदाब मोजता येत नाही."

"मी मोजलाय," बोकानेग्रा म्हणाले.

"बसून?"

"मी बसलो होतो."

दोन्या एदुविखेस चुलीपाशी उभ्या होत्या. बैठकीत बोलण्याचा अधिकार त्यांना घटनेने दिलेला नव्हता, पण घटना लिहिली गेली ती त्यांच्याच ओट्यावर. "पंधरा वर्षं झाली तुमच्या संघाला," त्या पाठ न वळवता म्हणाल्या. "मुलगी असती तर एव्हाना झगा शिवायला टाकला असता. आणि तुम्ही बसलाय रेनडिअर मोजत."

क्षणभर कोणी चावले नाही.

मुलीला पंधरावे लागले की तिचा किन्सेआन्येरा करायचा, हा हिस्पॅनिक समाजातला असा नियम आहे की ज्याला अजून कोणत्याही उपसमितीने हात लावलेला नाही. गुलाबी झगा, मुकुट, चौदा जोडप्यांचा मानकरी ताफा, प्रत्येक वस्तूला स्वतंत्र धर्मपिता किंवा धर्ममाता, फादरचे प्रवचन, बापाने लेकीचे सपाट बूट काढून टाचांचे बूट घालणे, मग वॉल्ट्झ. किन्सेआन्येराला आमंत्रण नसलेलेही येतात. सदस्य अठ्ठावीस होते. चौदा जोडपी तयारच होती. संघाला पंधरावे लागले होते. संघ मुलगी आहे की नाही एवढाच प्रश्न होता, आणि मतदानात ती आहे असे ठरले.

पण फेर्मिनचे लक्ष वेगळ्याच ठिकाणी गेले होते. त्याने काटा खाली ठेवला. "फादर आन्सेल्मोंचं प्रवचन," तो म्हणाला.

आता सगळ्यांनीच काटे खाली ठेवले. लोमा सेका काउंटीत माणसे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसलेली फक्त फादर आन्सेल्मो बोलत असताना दिसत. निम्मी भक्तीने गप्प असत, निम्मी झोपेने. ना-१७ मध्ये दोन्हींना मान्यता होती.

पुढची तयारी तीन आठवड्यांत झाली. संघाचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नसल्याने त्याच्यासाठी चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थनाविधी, करता येणार नाही, असे फादर आन्सेल्मोंनी कळवले. मात्र चर्चमागच्या हॉलमध्ये येऊन "चार शब्द" बोलायला त्यांची हरकत नव्हती. (चार शब्दांना त्यांना सरासरी बावीस मिनिटे लागत.) केकचे धर्मपिता, मुकुटाच्या धर्ममाता, वाद्यवृंदाचे धर्मपिता नेमले गेले. रक्तदाब यंत्रांच्या बॅटऱ्यांना दोन धर्मपिता मिळाले आणि त्यांचे एकमेकांशी पटेना. दर जोडप्यातल्या एकाने दंडाला पट्टा बांधायचा आणि दुसऱ्याने आकडा लिहायचा, अशी विभागणी झाली. रंगीत तालमीत संघाने वॉल्ट्झ आणि पट्टा बांधणे या दोन्हींचा सराव केला. पट्टा बरा जमला.

राहता राहिले सिंहासन. मुकुट घालून तिथे बसायचे कोणी? संघाचा रबरी शिक्का गादीवर ठेवावा अशी एक सूचना आली. तो फार लहान दिसला. शेवटी एकच नाव उरले.

"मी?" दोन्या एदुविखेस म्हणाल्या. "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी? गुलाबी? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मुलगी वयाच्या मानानं थोराड दिसते," बोकानेग्रा म्हणाले.

"तुला यापुढे तामाल नाही."

"आई," फेर्मिन म्हणाला, "संघ तुझ्या स्वयंपाकघरात जन्मला. दुसरं कोण बसणार?"

दोन्या एदुविखेस यांनी बराच विचार केला, म्हणजे आपल्याला मुकुट कसा दिसेल हे पातेल्याच्या झाकणात पाहून घेतले. "बसेन," त्या म्हणाल्या. "पण बूट मी काढणार नाही. बूट बापानं बदलायचे असतात आणि माझे वडील वर आहेत. ते उतरले तर बघू."

हे बोलणे इतिवृत्तात आहे. त्या घरी नसताना झालेल्या पुढच्या बैठकीत 'संघाचा बाप कोण' हा विषय निघाला, आणि अठ्ठावीस विरुद्ध शून्य मतांनी ते काम चिटणिसाकडे देण्यात आले, हेही इतिवृत्तात आहे; विषय क्रमांक नऊ, 'इतर किरकोळ'. फेर्मिनने स्वतःच्या बाजूने मत दिले. त्याला खोलीही हवी होती आणि घोटेही पाहायचे होते. यांतले अधिक काय हवे होते, हे त्याने लिहिलेले नाही.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी तीन वाजता, चारशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये चारशे बारा लोक जमले. दोन्या एदुविखेस मोराच्या पिसाऱ्यासारख्या उंच पाठीच्या वेताच्या खुर्चीवर बसल्या. गुलाबी साटिनच्या सहा थरांतून वर मुकुट आणि खाली नाड्या काढलेले काळे बूट तेवढे दिसत होते. मिस हॅल्वर्सन कोपऱ्यातल्या टेबलापाशी मोजणीयंत्र घेऊन बसल्या होत्या. त्यांनी फक्त पाणी घेईन असे सांगितले होते. त्यांच्यापुढे तीन ताटे होती.

फादर आन्सेल्मो उभे राहिले. त्यांच्याकडे किन्सेआन्येराचे प्रवचन एकच होते आणि त्यांनी तेच दिले. संघाने आता मोठे झाल्याचे भान ठेवावे, आईला कामात मदत करावी, आखूड कपडे घालू नयेत आणि मोटारसायकलवरून फिरणाऱ्या मुलांपासून सावध राहावे, असे त्यांनी कळकळीने सांगितले. संघाने माना डोलावल्या. बोकानेग्रांना गहिवरून आले.

बरोबर पाचव्या मिनिटाला डॉ. ओन्तिवेरोस यांनी कानातले चाचपले. ती खूण होती. चौदा जोडपी वाकून खुर्च्यांच्या ओळींत शिरली. हॉलभर पट्ट्यांत हवा भरल्याचा आणि सुटल्याचा आवाज येऊ लागला, जणू चौदा मांजरांना एकाच वेळी राग आला होता. लोकांनी न बोलता दंड पुढे केले. फादर बोलत असताना काहीही करायला मिळाले तर लोमा सेकात ते आनंदाने केले जाते. सगळे आखल्याप्रमाणे चालले होते, आणि तेवढ्यात बाराव्या मिनिटाला स्वयंपाकघराचे दार उघडले. आतून मिरच्या-चॉकलेटच्या मोले रश्श्याचा वास आला. फादर आन्सेल्मो थांबले. त्यांनी वास घेतला. "आमेन," ते म्हणाले.

चारशे लोक एकदम बोलू लागले.

मिस हॅल्वर्सन यांनी अर्ज मोजले. आठ जोडप्यांनी प्रत्येकी सहा, सहा जोडप्यांनी प्रत्येकी सात. एकूण नव्वद. आधीचे नऊ. "नव्याण्णव," त्या म्हणाल्या.

"फादरचाही घेतला होता," एक उपाध्यक्ष म्हणाले.

"ते उभे होते. आणि बोलत होते."

"संघाचे सदस्य चालतील?"

"कलम सहा. नाही."

फेर्मिनने त्यांच्याकडे आशेने पाहिले. "तुमचा स्वतःचा?"

"मी शेजारच्या काउंटीत राहते," मिस हॅल्वर्सन म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडा खेद वाटला. "रेनडिअरची गाडी सोमवारी सकाळी येईल. चिकन छान झालंय."

हॉलमध्ये एव्हाना कामकाज नेहमीच्या वळणावर गेले होते. केकपाशी एक पाठ उघडी झाली होती. वाद्यवृंदातला तुतारीवाला तुतारी काखेत धरून डॉ. ओन्तिवेरोस यांना मान दाखवत होता. या गर्दीत पाच मिनिटे गप्प बसेल असे माणूस शोधण्यात अर्थ नव्हता. कार्यक्रमपत्रिकेत पुढचा विधी बुटांचा होता. फेर्मिनने साटिनच्या उशीवरचे टाचांचे चंदेरी बूट उचलले (धर्मपिता : बोकानेग्रा, टाच त्यांच्या आग्रहाने एक सेंटिमीटर) आणि तो सिंहासनापुढे गुडघ्यावर बसला.

दोन्या एदुविखेस यांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण त्यामागची बाई बदलली. "ऊठ," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "काय बोलले होते मी?"

"मतदान झालं, आई."

"कधी?"

"तू मासळीबाजारात गेली होतीस तेव्हा."

चारशे बारा लोक पाहत होते. वाद्यवृंदाने सूर धरला होता. लोमा सेकात स्त्री पुष्कळ गोष्टी नाकारू शकते, पण डोक्यावर मुकुट असताना, वाद्यवृंद वाजत असताना आणि समोर लेक चंदेरी बूट घेऊन बसलेला असताना पाय मागे घेणे शक्य नसते. फेर्मिनने उजवा बूट काढला. तो ओढावा लागला. मग डावा. मग त्याने, आजवर हजारो अनोळखी घोट्यांवर टेकवला तसा, आईच्या घोट्यावर अंगठा टेकवला आणि दाबला.

अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

फेर्मिनने त्याच्याकडे पाहिले. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखेल असा, पाणी साचल्याच्या सुजेचा खळगा होता. तीन खोल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला तो पाहायला एक संघ, एक झगा आणि वाद्यवृंद लागला होता. त्याने आईची दोन्ही पावले हातात धरून हळूच जमिनीवर टेकवली आणि वर पाहिले.

दोन्या एदुविखेस रागावल्या होत्या. त्या नेहमी रागावत, आणि ते तीन घरांपलीकडे ऐकू जाई. पण खऱ्या अर्थाने रागावल्या की त्या बोलायच्या बंद होत. असे आयुष्यात एकदाच घडले होते, नवऱ्याने न विचारता गाढव विकले तेव्हा. आता त्या समोरच्या भिंतीकडे पाहत ताठ बसल्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले. पाठ वेताच्या खुर्चीला टेकलेली. दोन्ही पावले जमिनीवर.

हे प्रथम कोणाच्या लक्षात आले, यावर संघात दोन गट आहेत. पण कोपऱ्यात मिस हॅल्वर्सन यांनी चिकनचा तुकडा खाली ठेवून घड्याळाकडे पाहिले, याविषयी वाद नाही. डॉ. ओन्तिवेरोस यांनी वाद्यवृंदाला हाताने थांबवले. एका ओळीने दुसऱ्या ओळीला कोपर मारले. बोलणे विझत विझत मागच्या भिंतीपर्यंत गेले. केकपाशी ज्याची पाठ उघडी होती त्याने शर्ट खाली केला. चारशे बारा लोक एका म्हातारीचा राग मोडू नये म्हणून श्वास रोखून उभे राहिले.

एक मिनिट. दोन. तिसऱ्या मिनिटाला बोकानेग्रांना शिंक आली आणि त्यांनी ती दुसऱ्या बायकोच्या खांद्यात पुरली. चौथ्या मिनिटाला दोन्या एदुविखेस यांनी तोंड उघडले. हॉल गोठला. त्यांनी जांभई दिली आणि ते मिटले.

"पाच," मिस हॅल्वर्सन म्हणाल्या.

फेर्मिनने गुलाबी बाही वर सारली आणि पट्टा बांधला. हजारदा केलेले काम. पण पट्टा दोनदा उलटा बसला. यंत्र कुरकुरले, थांबले. आकडे आले. एकशे चौऱ्याण्णव, खाली एकशे सहा.

"किती?" दोन्या एदुविखेस यांनी विचारले. राग संपला होता, कारण आता माहिती हवी होती.

"जास्त आहे, आई. खूप जास्त."

"माझा नाही तो. मी आज संघ आहे. संघाचा आहे."

"बरं, संघाचा. पण गोळ्या तुला घ्याव्या लागतील."

"सगळ्या लोकांसमोर सांगतोयस?"

"घरी विचारलं तेव्हा तू मला बाम दिलास."

दोन्या एदुविखेस यांनी मुकुट सरळ केला. फेर्मिनने टेबलाच्या खणातून सोबत आणलेला तो अर्ज कोटाच्या आतल्या खिशातून काढला. तो घड्यांवर पिवळा पडला होता. त्याने दोन रिकाम्या जागा भरल्या आणि तो मिस हॅल्वर्सन यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "हा जुना नमुना आहे," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वीचा. आता 'ब' आवृत्ती चालते."

"तेव्हापासून भरलेला आहे," फेर्मिन म्हणाला.

मिस हॅल्वर्सन यांनी जन्मतारखेखालची फिकी शाई पाहिली, सिंहासनाकडे पाहिले, आणि शिक्का मारला. काउंटीच्या इतिहासात नियमाला अपवाद केल्याची ही पहिली नोंद आहे. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले आहे : 'चिकन पुन्हा मागितले, मिळाले.'

मग अठ्ठावीस डॉक्टर एकाच वेळी सिंहासनाकडे धावले. प्रत्येकाचे मत वेगळे होते. दोन्या एदुविखेस यांनी हात वर केला. "रांगेत," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंड आधी. हृदय त्याच्या मागे. हाडं भिंतीपाशी उभी राहतील, त्यांचं इथे काही काम नाही."

"त्वचा?" डॉ. ओन्तिवेरोस यांनी नम्रपणे विचारले.

"खिडकीपाशी."

पुढच्या बुधवारी दोन्या एदुविखेस जुन्या अग्निशमन केंद्राच्या पुढच्या खोलीत स्वतःच्या पायांनी आल्या. सोबत सतरा नातेवाईक आणि एक पातेले होते. त्या सलग दोन तास बोलल्या. त्या दिवशी ना-१७ मध्ये एकही नोंद होऊ शकली नाही, पण गोळ्या मात्र सुरू झाल्या. तीन आठवड्यांत बूट पुन्हा बसू लागले. त्याचे श्रेय त्या चांभाराला देतात. खोली संघाकडेच राहिली. रेनडिअरना दुसरी जागा न मिळाल्याने तेही तिथेच आहेत, आणि रांगेत वाट पाहणारे लोक त्यांच्यावर कोट टांगतात.

यंदाही शंभर नोंदी लागणार आहेत. संघाला सोळावे लागले आहे, तेव्हा आता त्याचे लग्न करावे असा विचार पुढे आला असून, शेजारच्या काउंटीतल्या दंतवैद्य संघटनेशी बोलणे चालू आहे. मुलाकडची मंडळी सुसंस्कृत आहेत. प्रवचन फादर आन्सेल्मोच देतील. स्वयंपाकघराचे दार या वेळी बाहेरून बंद ठेवण्याचा ठराव संमत झाला आहे.

एक शेवटची बाब. हा वृत्तान्त वाचायला साधारण बारा-पंधरा मिनिटे लागतात. एवढा वेळ तुम्ही पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, चकार शब्द न बोलता बसला आहात (पायावर पाय असेल तर तो आत्ताच खाली घेतलात, तेही आम्ही पाहिले). कलम चारची पूर्तता झाली आहे. येत्या रविवारी कोणाच्या तरी जेवणात, डॉक्टरांच्या ताटात पहिला घास पडला की, 'तुम्ही जेवा, फक्त एवढं बघा' असे म्हणायचे तुम्ही मघाशीच मनात ठरवले आहे, हे खरे. पण आता सबब उरलेली नाही.

बाही वर करा.